३८ हजार तास चाललेली हार्ड डिस्क

मार्च २०२५ मध्ये एकदा सकाळी घरी चहा घेत होतो आणि फोनवर सर्व्हरचा मेल आला, पूल (सगळ्या डिस्क मिळून केलेला साठा) डिग्रेडेड, एक डिस्क फॉल्टेड, म्हणजे बिघडलेली. चहा तसाच ठेवला, गाडी काढली आणि स्टुडिओत गेलो. सहा डिस्कपैकी तिसऱ्या खणातली गेली होती. तिचे एरर आठवडाभर वाढत होते ते मी बघितलेलं, पण लग्नसराई चालू होती, म्हटलं रविवारी निवांत बघू, आणि रविवार यायच्या आधीच झेडएफएसनं, म्हणजे या डिस्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरनं, तिला बाहेर काढलं.

त्या सर्व्हरवर काय आहे ते आधी सांगतो, नाहीतर एका डिस्कपायी मी तीन आठवडे का घालवले ते कळणार नाही. आमचा फोटो स्टुडिओ सांगलीत, गावभागात. अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलेला, आणि त्यांनी काढलेल्या प्रत्येक लग्नाची, बारशाची, शाळेच्या गॅदरिंगची निगेटिव्ह जपून ठेवलेली, पाकिटावर नाव, गाव, तारीख. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तळमजल्यावरची सगळी कपाटं पाण्याखाली गेली. पाणी उतरल्यावर आम्ही आत शिरलो तेव्हा अण्णा पहिलं वाक्य बोलले ते म्हणजे, "वाळू देऊ नका रे एकबी पट्टी." निगेटिव्ह भिजली की वरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि तशीच वाळली तर पाकिटाला नाहीतर शेजारच्या पट्टीला चिकटून बसते, ती मग सुटत नाही, सोडवायला गेलं तर फोटोच निघून येतो. म्हणून ओल्याच ठेवायच्या, स्वच्छ पाण्यात, आणि एकेक करून धुवायच्या. घरातल्या बादल्या, टब, पिंपं सगळं भरलं, पै-पाहुणे मदतीला आले, गच्चीवर दोऱ्या बांधून चिमट्यानं पट्ट्या लटकवल्या. साधारण तीन हजार रोल वाचले. बाकीचे गेले ते गेलेच.

मग मी सगळं स्कॅन करायला घेतलं. ३२०० डीपीआयला ४८ बिट कलरमध्ये एका फ्रेमची टिफ फाईल ८० एमबीच्या आसपास होते, ३६ फ्रेमचा रोल म्हणजे जवळजवळ ३ जीबी, आणि तीन हजार रोल म्हणजे नऊ टीबीच्या घरात. त्यासाठी २०२० मध्ये सेकंडहँड डेल पॉवरएज टी३२० घेतला, आठ खणांचा टॉवर, त्यात ४ टीबीच्या सहा सॅस डिस्क (सॅस ही सर्व्हरमधली जोडणी), रेडझेड२ या मांडणीत. म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. सर्व्हर माडीवर ठेवला, खाली परत कधीच काही ठेवलं नाही. आणि एक कॉपी पुण्यात बहिणीकडं १२ टीबीच्या डिस्कवर असते, दोन-तीन महिन्यांनी मी जाऊन अपडेट करतो.

तर एक डिस्क गेली, अजून एक गेली तरी आपण सेफ, असं कागदावर. पण राहिलेल्या पाचही त्याच लॉटच्या, त्याच वयाच्या, एकाच उन्हाळ्यात तापलेल्या, आणि नवीन डिस्क लावली की या पाचही तासन्‌तास सलग वाचायला लागणार. ज्या डिस्क म्हाताऱ्या झाल्यात त्यांना नेमकं तेव्हाच पळवायचं. म्हणून मला घाई पण होती आणि चुकीची डिस्क लावायची नव्हती.

नवीन सॅस डिस्कचे भाव विचारले. ४ टीबीची नवीन एंटरप्राइज डिस्क आता मिळायलाच कठीण, मिळाली तर सांगतील त्या भावात, आणि मोठ्या साईजची घ्यावी तर सहाच्या सहा बदलल्याशिवाय त्या जादा जागेचा काही उपयोग नाही. कुणीतरी सुचवलं की साधी डेस्कटॉपची साटा डिस्क लाव की, सॅसच्या खणात साटा बसते. बसते हे खरं आहे, उलटं बसत नाही, सॅस डिस्कच्या कनेक्टरला मधे खाच नसते त्यामुळं ती साध्या कॉम्प्युटरच्या साटा केबलला लागतच नाही. पण डेस्कटॉपची डिस्क एखादा खराब सेक्टर, म्हणजे डेटाचा छोटा कप्पा, आला की तो वाचायचा प्रयत्न करत बराच वेळ अडकून बसते, तेवढ्यात कंट्रोलर म्हणतो ही मेली. सर्व्हरच्या डिस्क काही सेकंदांत हात वर करतात आणि उरलेलं काम रेडवर, म्हणजे बाकीच्या डिस्कमधनं डेटा भरून काढणाऱ्या मांडणीवर, सोडतात. शिवाय सहा-आठ डिस्क शेजारीशेजारी फिरताना जी थरथर होते ती सांभाळायला एंटरप्राइज डिस्कमध्ये सेन्सर असतात. आणि काही डेस्कटॉप डिस्क एसएमआर निघतात, म्हणजे डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, त्या रेड रिबिल्डमध्ये, म्हणजे नवीन डिस्कवर डेटा परत बांधताना, अक्षरशः रांगतात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या साठ्यासाठीच्या) 'रेड' म्हणजे लाल या नावाच्या डिस्कपैकी काही मॉडेल एसएमआर आहेत हे बाहेर आलं तेव्हा तर मोठाच गोंधळ झालेला. थोडक्यात मला एंटरप्राइजच पाहिजे होती आणि परवडणारी म्हणजे रिफर्बिश्ड.

माझा कॉलेजचा मित्र हिंजवडीत एका कंपनीचे सर्व्हर बघतो, त्याला फोन केला. तो म्हणाला घाबरू नको, आमच्याकडं वॉरंटीची पाच वर्षं झाली की चांगल्या चालणाऱ्या डिस्कसुद्धा काढून टाकतात, कारण तिथं डिस्कच्या किमतीपेक्षा ती अडचणीच्या वेळी मरण्याची किंमत जास्त. काही कंपन्या डेटाच्या भीतीनं चुरा करतात, बाकीच्या पुसून विकल्या जातात. "पण रिफर्बिश्ड या शब्दावर जाऊ नको," हे त्यानं दोनदा सांगितलं. कारण या शब्दाखाली बाजारात तीन वेगळे माल विकले जातात. एक, कंपनीनंच परत घेऊन तपासलेल्या, त्यांना फॅक्टरी रिसर्टिफाइड म्हणतात आणि कंपनीचं तसं लेबल असतं. दुसऱ्या, सर्व्हरमधनं काढलेल्या, व्यापाऱ्यानं पुसलेल्या आणि थोडंफार तपासलेल्या. आणि तिसऱ्या, फक्त पुसलेल्या, त्यातही कधी कधी फक्त वरनं फडक्यानं. लेबल तिघांवर चांगलंच असतं. आणि हार्ड डिस्क उघडून कुणी दुकानदार दुरुस्त करत नाही हेही लक्षात ठेवायला पाहिजे, आत धुळीचा कण गेला तरी प्लेट खराब होते, म्हणजे इथं रिफर्बिश याचा अर्थ तपासून पुसलेली एवढाच.

मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडनं दोन मागवल्या, एक लावायला आणि एक शिल्लक. दोन्ही ४ टीबी, सॅस, ७२०० आरपीएम, एचजीएसटी कंपनीच्या. प्रत्येकी साडेचार हजार. मागवतानाच फोन करून म्हटलं की बिलावर दोन्ही सिरियल नंबर आणि वॉरंटी किती महिने ते लिहून पाहिजे, जीएसटी बिल पाहिजे. समोरचा जरा कुरकुरला पण दिलं. ते एक वाक्य पुढं फार उपयोगी पडलं, त्यामुळं कुणी घेत असाल तर हे आधी करा, माल आल्यावर कोण ऐकत नाही. कंपनीच्या साईटवर सिरियल टाकून बघितला तर वॉरंटी नाही असंच येतं, कारण या डिस्क मुळात सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्यांना घाऊक विकलेल्या असतात, म्हणजे विक्रेता देईल तीच वॉरंटी.

पार्सल आलं तेव्हा अण्णा गल्ल्यावर होते. डिस्क बघून म्हणाले, "जुनी गेली म्हणून परत जुनीच आणलीस व्हय?" मी म्हटलं, "अण्णा, तुमचा कॅमेरा पण सेकंडहँडच होता की." ते हसले, म्हणाले, "होता, पण मी त्यात तीन रोल घालून बघितलेले, मग पैसं दिलं."

मला तेच करायचं होतं, फक्त तीन रोलऐवजी तीन दिवस.

पॅकिंग बरं होतं, अँटिस्टॅटिक पिशवी आणि जाड फोम. लगेच करंट दिला नाही, दोन-तीन तास खोलीत तशाच ठेवल्या. आणि चालू सर्व्हरमध्ये टेस्ट करायचं नाही हे पक्कं ठरवलेलं, कारण टेस्टची कमांड डिस्कवरचं सगळं पुसते आणि लिनक्समध्ये डिस्कची नावं रीस्टार्ट झाल्यावर बदलू शकतात, काल जी एसडीबी होती ती आज एसडीसी. एका अक्षराची चूक झाली तर पुरातनं वाचवलेलं मी माझ्या हातानं बुडवणार. म्हणून एका जुन्या डेस्कटॉपमध्ये सॅस डिस्क जोडायचं एलएसआयचं ९२११ कार्ड टाकलं, आयटी मोडचं म्हणजे डिस्क थेट दाखवणारं, सॅसची केबल जोडली आणि समोर टेबलफॅन लावला, कारण हे कार्ड सर्व्हरमधल्या वाऱ्यासाठी बनवलेलं असतं, साध्या कॅबिनेटमध्ये चटका बसेल इतकं तापतं. सांगलीत मार्चच्या शेवटाला दुपारी काय हवा असते ते वेगळं सांगायला नको.

पहिल्या डिस्कला स्मार्टसीटीएल लावलं, म्हणजे डिस्कनं स्वतःबद्दल ठेवलेल्या स्मार्ट नावाच्या नोंदी दाखवणारी कमांड. हेल्थ स्टेटस ओके. चालू तास, ११.

अकरा! क्षणभर आनंद झाला आणि मग त्याच रिपोर्टमध्ये वरची ओळ वाचली, सॅस डिस्क स्वतःच सांगते की मी कुठल्या वर्षी कुठल्या आठवड्यात बनले, तिथं २०१५ होतं. दहा वर्षांपूर्वीची डिस्क आणि ११ तास? गोडाऊनमध्ये पडून राहिली असेल असं मनाला समजावता आलं असतं. पण खाली हेड (डेटा वाचणारं टोक) लोड-अनलोडचा आकडा दोन हजाराच्या वर होता. ११ तासात हेड दोन हजार वेळा वर-खाली झालं म्हणजे दर वीस सेकंदाला एकदा. मग डिस्क उजेडात धरून बघितली. बाजूच्या स्क्रूच्या भोकांचे आटे चकचकीत घासलेले, कनेक्टरवर बारीक ओरखडे, म्हणजे ही कितीतरी वेळा कुठल्यातरी खणात घातलीय आणि काढलीय. लेबल मात्र नवंकोरं.

तासांचा आकडा मागं फिरवता येतो हे मला माहीत होतं, कारण तेव्हा ही बातमी ताजीच होती. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीच्या हाइझ या टेक प्रकाशनानं दाखवून दिलं की सीगेटच्या एक्सॉस या सर्व्हरसाठीच्या डिस्क नवीन म्हणून विकल्या जातायत पण त्या हजारो तास वापरलेल्या आहेत, काही १५ हजार, काही ५० हजारापर्यंत. स्मार्टचे आकडे शून्य केलेले. पकडल्या गेल्या त्या फार्म नावाच्या दुसऱ्या लॉगमुळं, तो सीगेटच्या डिस्कमध्ये वेगळा असतो आणि तिथं खरे तास तसेच राहिलेले. बऱ्याचशा चिया या क्रिप्टोच्या मायनिंगमधनं आल्या असाव्यात असा अंदाज होता, २०२१ मध्ये लोकांनी त्यासाठी डिस्कचे ढीग लावलेले. आता स्मार्टसीटीएल ज्यात येतं त्या स्मार्टमॉनटूल्सच्या ७.४ व्हर्जनपासून तो फार्म लॉग कुणालाही वाचता येतो, सीगेटची डिस्क घेतली असेल तर हे आधी बघा, स्मार्टचे तास आणि फार्मचे तास जुळले पाहिजेत. माझी एचजीएसटीची, तिला तो लॉग नाही, त्यामुळं मला वर्ष, हेडचा आकडा आणि स्क्रूचे आटे यावरच अंदाज बांधायचा होता.

तरीपण टेस्ट केली, कारण परत करायची तर पुरावा पाहिजे. बॅडब्लॉक्स या कमांडची लिहिणारी टेस्ट. ती चार वेगवेगळे पॅटर्न सगळ्या डिस्कवर लिहिते आणि प्रत्येक वेळी परत वाचून ताडून बघते, म्हणजे चार टीबीच्या आठ फेऱ्या. एका फेरीला सात-साडेसात तास, एकूण अडीच दिवस. मी दर काही तासांनी ग्रोन डिफेक्ट लिस्टचा आकडा वहीत लिहून ठेवत होतो. हा आकडा म्हणजे फॅक्टरीतनं निघाल्यानंतर डिस्कनं किती जागा खराब म्हणून बाजूला टाकल्या. सुरुवातीला शून्य. पहिल्या फेरीनंतर शून्य. दुसऱ्या फेरीत मध्यरात्री बघितलं तर १४. सकाळी ४६. दुपारी १००च्या पुढं. आणि वर हेल्थ स्टेटस अजूनही ओके. ती ओळ डिस्क अगदी शेवटच्या घटका मोजायला लागेपर्यंत ओके म्हणत राहते, तिच्यावर विसंबून आजपर्यंत कितीजणांचा डेटा गेला असेल. थोडेसे डिफेक्ट असणं एवढं वाईट नाही, दहा-पंधरा असतील आणि वर्षभर तेवढेच राहिले तर मी ती डिस्क वापरेन. वाढणारा आकडा वाईट, आणि तो वाढताना बघायचा तर डिस्कला पळवावंच लागतं, नुसता रिपोर्ट काढून ते दिसत नाही.

विक्रेत्याला फोन लावला. "साहेब, टेस्टेड माल आहे, आमच्याकडं ओके दाखवत होता."

"ओके माझ्याकडं पण दाखवतोय, पण डिफेक्ट शंभराच्या वर गेलेत आणि तास मागं केलेत."

"तास कोण बघतं साहेब, चालतीय ना?"

हे वाक्य मला लागलं. माझ्या वहीत अडीच दिवसांचे आकडे होते, बिलावर सिरियल होता, वॉरंटी लिहिलेली होती, स्क्रीनशॉट होते. सगळं पाठवलं. दोन दिवस काही उत्तर नाही, मग मी परत फोन केला, आवाज न चढवता तेच परत सांगितलं, शेवटी कबूल झाले आणि आठवड्यानं पैसे परत आले. भांडण मला आवडत नाही पण इथं गप्प बसलो असतो तर तीच डिस्क नव्या लेबलनं दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरमध्ये गेली असती. आताही गेली नसेल असं सांगता येत नाही, पण निदान परत पाठवताना मी वरच्या लेबलवर मार्करनं मोठ्या अक्षरात खराब लिहिलं, तारखेसकट.

आता दुसरी डिस्क. ही जोडली तर कार्डाला दिसली पण लिनक्सला तिची साईज शून्य दिसत होती. पहिल्यांदा वाटलं हीपण मेलेली. लॉग वाचला तर तिथं स्पष्ट लिहिलेलं, सेक्टर साईज ५२० सपोर्ट नाही. आपल्या कॉम्प्युटरला ५१२ बाईटचा सेक्टर कळतो, पण नेटॲपसारख्या मोठ्या स्टोरेज यंत्रणांमध्ये प्रत्येक सेक्टरला ८ बाईट जादा ठेवतात, चेकसमसाठी, म्हणून ५२०. म्हणजे ही डिस्क कुठल्यातरी मोठ्या स्टोरेजच्या कपाटात राहिलेली. खरं सांगतो, हे वाचून मला बरं वाटलं, कारण असल्या ठिकाणी एसी चालू असतो, करंट स्थिर असतो, डिस्क वर्षानुवर्षं एका जागी फिरत राहते. रिपोर्टमध्ये ३८ हजार तास. चार वर्षं चार महिने सलग. स्टार्ट-स्टॉप फक्त ५२. ग्रोन डिफेक्ट शून्य, आणि खाली वाचन, लेखन आणि पडताळणीच्या तक्त्यात शेवटचा रकाना, दुरुस्त न झालेल्या चुकांचा, तिन्हीकडं शून्य. तिथं ईसीसीनं, म्हणजे डिस्कच्या आतल्या चूक सुधारणाऱ्या व्यवस्थेनं, दुरुस्त केलेल्या चुकांचे आकडे मोठे दिसतात, ते बघून घाबरायचं नाही, ते रोजचं काम आहे. शेवटचा रकाना बघायचा. लेबलवरचा सिरियल आणि डिस्कच्या पोटातला सिरियल जुळत होता. वर्ष, तास, स्टार्ट-स्टॉप, सगळं एकमेकाशी जुळत होतं. ११ तासांच्या डिस्कपेक्षा ही ३८ हजार तासांची मला कितीतरी जवळची वाटली.

५२० चं ५१२ करायला एसजी फॉरमॅट नावाची कमांड आहे, सायझ ५१२ द्यायची आणि वाट बघायची. ही डिस्कच्या आतनं फॉरमॅट होते, आठ-नऊ तास लागतात, आणि मधे करंट जाऊ द्यायचा नाही असं सगळीकडं लिहिलेलं असतं. संध्याकाळी सात वाजता चालू केलं. रात्री अडीचला लाईट गेली. छोटा यूपीएस पंधरा मिनिटं टिकला, आणि लाईट आली साडेचारला. मी घरी होतो, पंखा बंद झाला म्हणून जाग आली आणि अंधारात पडल्या पडल्या तेवढा एकच विचार, गेली डिस्क.

सकाळी जाऊन बघितलं तर डिस्क उत्तर देत होती पण काही वाचू देत नव्हती, सांगत होती की फॉरमॅट बिघडलाय. खूप वेळ वाचन केल्यावर कळलं की अशा वेळी डिस्क मेलेली नसते, अर्धवट राहिलेली असते, तीच कमांड पहिल्यापासनं परत द्यायची. यावेळी डेस्कटॉप सर्व्हरच्या मोठ्या यूपीएसवर घेतला, शेजारच्या हॉलवाल्यांना सांगून ठेवलं की रात्री जनरेटर लावला तर एक लाईन द्या, आणि मी स्टुडिओतच झोपलो. अण्णा रात्री डबा घेऊन आले, थोडा वेळ बसले, स्क्रीनवर टक्के सरकत होते ते बघत म्हणाले, "डार्करूममधे असंच बसायचो, डेव्हलपरमधे पेपर टाकून." पहाटे फॉरमॅट पूर्ण झालं आणि डिस्क चार टीबी म्हणून दिसली.

त्यानंतर क्रम ठरलेला. आधी लॉंग सेल्फटेस्ट, ती आठ-नऊ तास. मग बॅडब्लॉक्सच्या आठ फेऱ्या, अडीच दिवस. मग परत लॉंग टेस्ट. टेंपरेचर मी ४५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला, ६० पर्यंत चालतं असं कंपनी म्हणते पण जुन्या डिस्कला एवढं तापवायचं मला पटत नाही, दुपारी फॅन दोन केले. वहीत दर चार तासांनी आकडा. शून्य, शून्य, शून्य. आठव्या फेरीनंतर पण शून्य. वेगही सगळीकडं सारखा, म्हणजे बाहेरच्या कडेला जास्त आणि आतल्या बाजूला हळूहळू कमी होत गेलेला, जसा असायला पाहिजे तसा, मधेच कुठं अडखळलेली नाही.

मग ती सर्व्हरमध्ये लावायच्या आधी एक काम केलं जे मी कुणालाही सांगेन, पुण्याला गेलो आणि बहिणीकडची कॉपी अपडेट केली. ती जानेवारीतली होती, त्यानंतर स्कॅन केलेले ७० रोल तिच्यावर नव्हते. डिग्रेडेड पूलवरनं फक्त नवीन फाईली वाचून घ्यायला काही जड नाही, पण रिसिल्व्हरच्या (नवीन डिस्कवर डेटा परत बांधण्याच्या) मधे अजून दोन डिस्क गेल्या असत्या तर ते ७० रोल परत स्कॅन करावे लागले असते आणि त्यातल्या पुरात भिजलेल्या काही पट्ट्या आता इतक्या कुरकुरीत झाल्यात की परत स्कॅनरवर पसरतील की नाही सांगता येत नाही. रेडझेड२ आहे म्हणून बॅकअप नको असं म्हणणारी माणसं मला भेटतात, त्यांना मी त्या पट्ट्या दाखवतो.

परत आलो, मेलेली डिस्क कॅडीतनं, म्हणजे खणात सरकणाऱ्या चौकटीतनं, काढली, चार स्क्रू काढून नवीन बसवली, खणात सरकवली, सिरियल तीन वेळा ताडून रिप्लेसची कमांड दिली. झेडएफएसचं एक चांगलं आहे, रिकामी जागा तो भरत बसत नाही, जेवढा डेटा आहे तेवढाच परत बांधतो. तरी नऊ तास लागले. त्या नऊ तासात मी बाकीच्या पाच डिस्कचेच आकडे बघत होतो, नवीनची काळजी उरली नव्हती. पाचव्या खणातल्या डिस्कचे डिफेक्ट ६ वरनं ९ झाले. रिसिल्व्हर संपला, शून्य एरर, मग एक स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून ताडणारी तपासणी, चालवला, तोही स्वच्छ.

पण ते ९ डोक्यात राहिलं. शिल्लक डिस्क तर परत गेलेली. मे महिन्यात कामासाठी मुंबईला जाणं झालं तेव्हा लॅमिंग्टन रोडला गेलो, ग्रँट रोड स्टेशनवरनं चालत. तिथं एका माडीवरच्या छोट्या दुकानात सर्व्हरचे पार्ट विकतात. मी सरळ म्हटलं की मला तास कमी असलेली नको, खरे तास असलेली पाहिजे आणि इथंच रिपोर्ट बघायचाय. दुकानदार म्हातारे गृहस्थ, त्यांनी काही न बोलता टेबलाखालचा एक उघडा सर्व्हर चालू केला, त्यात डिस्क घातली आणि मॉनिटर माझ्याकडं वळवला. ४१ हजार तास, डिफेक्ट शून्य, शेवटचा रकाना शून्य, सेक्टर ५१२. म्हणाले, "घरी जाऊन चार दिवस चालवून बघा, खराब निघाली तर कुरियर करा, खर्च माझा." पाच हजार सांगितले, मी एक रुपया कमी करायला सांगितलं नाही. सांगलीत आणून तीच अडीच दिवसांची टेस्ट केली आणि पास झाली.

ती आता सातव्या खणात नाही, मुद्दाम. खणात ठेवली तर फिरत राहणार. अँटिस्टॅटिक पिशवीत घालून अण्णांच्या जुन्या लेन्सच्या कपाटात ठेवलीय, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. प्रत्येक कॅडीला मी आता मास्किंग टेप लावून त्यावर मार्करनं लिहितो, लावल्याची तारीख, तेव्हाचे तास, तेव्हाचे डिफेक्ट. तिसऱ्या खणावर लिहिलंय १६ एप्रिल २०२५, ३८,११०, शून्य. पाचव्या खणावरचा ९ खोडून मागच्या आठवड्यात ११ केला. १५ झाला की ती बाहेर काढायची आणि लेन्सच्या कपाटातली आत घालायची असं ठरवलंय, आणि तोपर्यंत अजून एक शोधायला लॅमिंग्टन रोडला जाऊन यायचंय.